निकालानंतरची दरखास्त

महाराष्ट्रातल्या दिवाणी कोर्टांत 'दरखास्त' या शब्दाला एक खास अर्थ आहे. एरवी दरखास्त म्हणजे साधा अर्ज. कोर्टात मात्र दावा जिंकल्यावर, हुकूमनामा हातात पडल्यावर, 'आता याची अंमलबजावणी करून द्या' म्हणून जो नवा अर्ज करावा लागतो, ती दरखास्त. तिला वेगळा नंबर पडतो, वेगळ्या तारखा लागतात आणि समोरच्याला पुन्हा नोटीस जाते. म्हणजे खटला जिंकणं हे एक प्रकरण आणि जिंकलेलं घरी आणणं हे दुसरं. १८७०च्या दशकाच्या सुरुवातीला, दरभंगा राजच्या एका खटल्यात, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं म्हटलं होतं की हिंदुस्थानातल्या पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यानंतर सुरू होतात. वकील मंडळी हे वाक्य आजही सांगतात.

तो खटला जमीनजुमल्याच्या जगातला होता. घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची गोष्ट याहून अवघड आहे. जमिनीचा ताबा एकदा मिळाला की विषय संपतो. पोटगी दर महिन्याला देय होते आणि दर महिन्याला नव्यानं थकू शकते. सावकाराच्या कर्जात देणारा आणि घेणारा हे व्यवहारापुरते ओळखीचे असतात. इथे दोघं एकमेकांना आतून-बाहेरून ओळखतात. कोणत्या महिन्यात मुलाच्या शाळेची फी भरायची असते आणि समोरची व्यक्ती किती दिवस तग धरेल, हे थकवणाऱ्याला नेमकं माहीत असतं.

आपल्याकडे पोटगीवर भरपूर भांडणं झाली. पोटगी कुणाला मिळावी, किती मिळावी, कोणत्या धर्माच्या कायद्यानं मिळावी, यावर मोर्चे निघाले, संसदेनं कायदे केले. ती वसूल कुणी करायची आणि कशी, या प्रश्नाचं १८६१ साली लिहिलेलं उत्तर मात्र जवळपास जसंच्या तसं राहिलं. हा लेख त्या उत्तराच्या इतिहासाबद्दल आहे.

काडीमोड, सोडचिठ्ठी, फारकत

हिंदूंमध्ये घटस्फोट १९५५ साली आला असं आपण शाळेत शिकतो. मराठी भाषा वेगळं सांगते. काडीमोड, सोडचिठ्ठी, फारकत हे शब्द काही संसदेनं तयार केलेले नाहीत. अनेक जातींमध्ये लग्न मोडण्याची आणि बाईनं पुन्हा पाट लावण्याची रीत होती. गवताची काडी मोडायची, चिठ्ठी लिहून द्यायची, पंचांसमोर देणंघेणं मिटवायचं. आर्थर स्टील या इंग्रज अधिकाऱ्यानं १८२०च्या दशकात दख्खनमधल्या जातींच्या चालीरीती गोळा केल्या, तेव्हा त्यात या गोष्टींची नोंद झाली.

या पद्धतीत अंमलबजावणी पंचायतीकडेच होती. जो निकाल देई तोच तो पाळायला लावी. पाळला नाही तर जातीबाहेर. त्या व्यवस्थेचं गुणगान करण्यात अर्थ नाही. पंच पुरुष असत, बाईचं म्हणणं कितपत ऐकलं जाई याची खात्री नसे आणि बहिष्काराचं हत्यार दुबळ्यांवर आधी चाले. पण निकालानंतर दुसऱ्या कचेरीत नवा अर्ज करावा लागत नसे, हेही खरं.

इंग्रजांच्या कोर्टांनी ही साखळी तोडली. १८६४ साली करसन गोजा खटल्यात मुंबई हायकोर्टानं तळपदा कोळी जातीची एक रूढी अमान्य केली. पहिल्या नवऱ्याच्या संमतीशिवाय बाईनं दुसरं लग्न करण्याची ती रूढी कोर्टाला अनैतिक वाटली. १८७६ साली शंभू रघू खटल्यात त्याच हायकोर्टानं सांगितलं की, लग्न रद्द ठरवण्याचा किंवा बाईला पुनर्विवाहाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार कोर्ट मानणार नाही. म्हणजे जातीनं 'तू मोकळी' म्हटलं, बाईनं पाट लावला, तरी सरकारच्या लेखी ती पहिल्या नवऱ्याचीच बायको. दुसरं लग्न हा गुन्हा.

जुन्या व्यवस्थेचा शब्द असा काढून घेतला, पण बदल्यात हिंदू बाईला लग्नातून सुटण्याची कायदेशीर वाट दिली नाही. ती यायला वेळ लागला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ मध्ये काडीमोडीचा कायदा केला, बडोद्यात सयाजीरावांच्या कारकिर्दीत १९३१ मध्ये घटस्फोटाचा कायदा आला, मुंबई प्रांतानं १९४७ मध्ये केला आणि देशभराचा हिंदू विवाह कायदा १९५५ चा.

पन्नास रुपये, एक महिना

दरम्यान फौजदारी कायद्यात एक छोटं कलम येऊन बसलं होतं. १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत अशी तरतूद झाली की ऐपत असून बायकोला किंवा मुलांना न पोसणाऱ्या माणसाला मॅजिस्ट्रेटनं दरमहा रक्कम द्यायला लावावं. कमाल मर्यादा ५० रुपये. दिले नाहीत तर दंड वसूल करतात तशी वॉरंट काढून वसुली, किंवा एक महिन्यापर्यंत तुरुंग.

हे कलम बायकांच्या हक्कांच्या कळकळीतून आलं नव्हतं. पुढच्या, म्हणजे १८७२ च्या संहितेचे शिल्पकार जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी त्याचा हेतू स्वच्छ सांगितला आहे: भटकेपणा, निदान त्याचे परिणाम रोखणं. टाकलेली बाई आणि तिची पोरं रस्त्यावर आली तर ती सरकारच्या डोक्याला ताप, म्हणून ज्याची आहेत त्यानं पोसावीत. हा सारा विचार पोलिसी बंदोबस्ताच्या अंगानं केलेला आहे. त्यामुळेच रक्कम छोटी, चौकशी थोडक्यात आणि शिक्षा महिनाभराची.

१८७२, १८८२ आणि १८९८ च्या संहितांमधून हे कलम पुढे सरकत गेलं. १८९८ च्या संहितेत ते ४८८ वं कलम होतं. रकमेची मर्यादा १९२३ मध्ये १०० रुपये झाली, १९५५ मध्ये ५०० रुपये. त्यानंतर ४६ वर्षं, २००१ पर्यंत, ती ५०० वरच थांबली. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात अशी एखादी जुनी ओळ असते. ती कुणी का लिहिली हे टीममध्ये कुणालाच ठाऊक नसतं आणि प्रत्येक नवी आवृत्ती तिला पोटात घेऊन बाहेर पडते. एक महिन्याच्या तुरुंगाची ओळ तशीच निघाली.

या कलमात एक भगदाड होतं आणि ते मुंबईत लवकरच सापडलं. कलमात शब्द होता 'बायको'. मग घटस्फोट दिला तर? १८७१ साली कासम पीरभाई प्रकरणात हाच प्रश्न मुंबई हायकोर्टापुढे आला. पोटगीचा आदेश झाला होता, नंतर नवऱ्यानं तलाक दिला. हायकोर्टानं ठरवलं की आता ती बायको नाही, म्हणून आदेशही चालू राहू शकत नाही. १८८३ मध्ये अब्दुल अली इस्माईलजी प्रकरणात तोच मार्ग पक्का झाला.

म्हणजे आदेश ज्याच्याविरुद्ध आहे, तोच घरी बसून काही शब्दांत तो आदेश संपवू शकत होता. वसुलीचं वॉरंट घेऊन बेलीफ दारात आला तर दाखवायला तलाकनामा तयार. घटस्फोटानंतरच्या अंमलबजावणीचा आपल्याकडचा इतिहास इथून सुरू होतो, आणि अंमलबजावणी करायला काही शिल्लकच नाही अशा अवस्थेत सुरू होतो. पुढची १०२ वर्षं, १९७३ पर्यंत, फौजदारी कलमाचा अर्थ हाच राहिला.

कोर्टाला जेव्हा करायचं असतं

एवढं वाचून वाटेल की नवरा-बायकोच्या भांडणात कोर्टाचे हात मुळातच तोकडे असतात. तसं नाही, हे त्याच मुंबई हायकोर्टानं त्याच काळात दाखवून दिलं.

दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये रखमाबाईंवर दावा लावला. लग्न झालं तेव्हा रखमाबाई ११ वर्षांच्या होत्या. मोठ्या झाल्यावर त्यांनी नांदायला जायला नकार दिला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दादाजींचा दावा फेटाळला. १८८६ मध्ये अपिलात तो निकाल उलटला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी आदेश दिला: महिनाभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. 'तुरुंग पत्करेन, पण जाणार नाही' हे रखमाबाईंचं उत्तर आपल्याला ठाऊक असतं. टिळकांचा त्यांना असलेला विरोधही ठाऊक असतो. पण हे दोन आकडे शेजारी ठेवून बघायला हवेत.

बायकोला न पोसणाऱ्या नवऱ्याला जास्तीत जास्त एक महिना. नवऱ्याकडे न जाणाऱ्या बायकोला सहा महिन्यांपर्यंत.

हा 'नांदवण्याचा' दावा मूळचा हिंदू धर्मशास्त्रातला नव्हे. तो इंग्लंडच्या चर्चच्या कोर्टांतून इकडे आला. खुद्द इंग्लंडनं त्यातली तुरुंगाची शिक्षा १८८४ मध्येच काढून टाकली होती. तीन वर्षांनी मुंबईत मात्र ती सुनावली जात होती. शेवटी १८८८ मध्ये दादाजींनी २,००० रुपये घेऊन अंमलबजावणीचा हट्ट सोडला आणि प्रकरण मिटलं. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. हुकूमनामा कागदावर राहिला.

त्या कागदाचं पुढे काय झालं, हा भाग कमी सांगितला जातो. १९२३ मध्ये दिवाणी प्रक्रिया संहितेत दुरुस्ती होऊन अशा हुकूमनाम्यासाठी तुरुंगात टाकण्याची तरतूद काढली गेली. मालमत्तेच्या जप्तीचा मार्ग उरला. हिंदू विवाह कायद्यानं नंतर आणखी एक गोष्ट केली. नांदण्याचा हुकूमनामा होऊनही ठरावीक मुदतीत पती-पत्नी एकत्र आले नाहीत, तर तेच घटस्फोटाचं कारण धरायचं. आधी ही मुदत दोन वर्षं होती, १९७६ मध्ये ती एक वर्ष झाली. एका हुकूमनाम्याची अंमलबजावणी माणुसकीनं करताच येत नाही, हे कायद्यानं ओळखलं आणि त्याच्या अपयशातूनच पुढची वाट काढली. कायद्याला हवं असलं की तो आपली यंत्रणा बदलू शकतो, याचा हा पुरावा आहे.

बायको या शब्दाची व्याख्या

१९७३ ची नवी फौजदारी प्रक्रिया संहिता आली तेव्हा ४८८ चं १२५ झालं, आणि त्यात एक स्पष्टीकरण जोडलं गेलं: 'बायको' म्हणजे घटस्फोट झालेली आणि पुन्हा लग्न न केलेली बाईसुद्धा. कासम पीरभाईचं भगदाड बुजवायला एवढं एक वाक्य पुरलं. त्याला १०२ वर्षं लागली.

पुढची गोष्ट आपण शाहबानो या नावानं ओळखतो. इंदूरच्या शाहबानोंनी एप्रिल १९७८ मध्ये पोटगीचा अर्ज केला. नोव्हेंबरमध्ये वकील असलेल्या नवऱ्यानं तलाक दिला. १८७१ सालची युक्ती, फक्त आता ती चालत नव्हती. मॅजिस्ट्रेटनं ऑगस्ट १९७९ मध्ये दरमहा २५ रुपये मंजूर केले. हायकोर्टानं १९८० मध्ये ते १७९ रुपये २० पैसे केले. २३ एप्रिल १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ते कायम ठेवले. त्यानंतर देशात जे झालं, त्यात ही रक्कम किती होती हेच लोक विसरले.

१९८६ मध्ये राजीव गांधी सरकारनं मुस्लीम महिलांसाठी वेगळा कायदा आणला. तो कलम १२५ पासून त्यांना दूर नेण्यासाठी होता, यावर भरपूर लिहिलं गेलं आहे. पण त्याच कायद्यात अंमलबजावणीची एक तरतूद आहे. आदेश पाळला नाही तर तुरुंगाची कमाल मुदत एक वर्ष. म्हणजे हक्काच्या बाजूनं आखडता घेतलेला म्हणून टीका झालेला हा कायदा वसुलीच्या बाजूनं १२५ पेक्षा कडक होता. २००१ मध्ये डॅनियल लतीफी निकालानं त्याचा अर्थ असा लावला की, इद्दतच्या काळातच नवऱ्यानं बाईच्या पुढच्या आयुष्याची वाजवी सोय करून द्यायची. आणि १० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सांगितलं की मुस्लीम घटस्फोटितेलाही कलम १२५ खुलं आहे.

या साऱ्या चर्चेत आदेश मिळवण्याचा हक्क केंद्रस्थानी राहिला. तो वठवायचा कसा, हे अर्जदार बाई आणि तिचा वकील यांच्यावर सोडलं गेलं.

वसुली चालते कशी

आज घटस्फोट झालेल्या आणि पोटगी थकलेल्या बाईपुढे मुख्यतः दोन रस्ते आहेत. १९८४ च्या कायद्यानं कौटुंबिक न्यायालयं आली, पुण्यात आणि मुंबईत ती १९८९ मध्ये सुरू झाली. पण छप्पर एक झालं तरी रस्ते दोनच राहिले.

पहिला रस्ता दिवाणी. हिंदू विवाह कायद्याखालच्या घटस्फोटात कायम पोटगी ठरली असेल तर तिची अंमलबजावणी इतर दिवाणी हुकूमनाम्यासारखी होते. म्हणजे दरखास्त. त्यात मालमत्ता जप्त करता येते, बँक खात्यावर टाच आणता येते, पगार जप्त करता येतो. पगाराबाबत कायदा पोटगीला खास वागणूक देतो. साध्या कर्जाच्या वसुलीत पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन-तृतीयांश पगारदाराला सुरक्षित असतात. पोटगीसाठी फक्त एक-तृतीयांश पगार सुरक्षित. म्हणजे कागदावर दोन-तृतीयांश पगारापर्यंत हात पोचू शकतो.

पण त्यासाठी पगार कुठून येतो हे माहीत हवं, आणि ते शोधून देणं दरखास्त करणाऱ्या बाईचं काम. नोकरी बदलली की नवी कंपनी शोधा. पगार सोडून 'कन्सल्टन्सी' सुरू केली की खातं शोधा. दुकान भावाच्या नावावर केलं की ते दुकान खरं कुणाचं हे सिद्ध करा. बेलीफ जुन्या पत्त्यावर जाऊन 'सदर इसम राहत नाही' असा शेरा घेऊन परत येतो, आणि पुढची तारीख पडते.

दुसरा रस्ता फौजदारी: कलम १२५ खालचा वसुली अर्ज. देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज केला नाही, तर त्या रकमेसाठी वॉरंट निघत नाही. त्यामुळे थकबाकी चालू असेल तर अर्जांची साखळी लावावी लागते, वर्षामागून वर्ष. वॉरंटनं वसुली झाली नाही तर प्रत्येक थकलेल्या महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद, पैसे भरले तर लगेच सुटका.

या तुरुंगाचा अर्थ काय, यावर कोर्टांत बराच गोंधळ होता. नवरा महिनाभर आत राहून आला तर त्या महिन्याचं देणं फिटलं का? १९८०च्या दशकाच्या अखेरीस कुलदीप कौर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की कैद ही वसुलीची पद्धत आहे, परतफेड नव्हे. आत जाऊन आलात तरी पैसे द्यायचेच आहेत. त्याच न्यायालयानं १९९९ मध्ये शहादा खातून प्रकरणात असंही सांगितलं की मॅजिस्ट्रेटला महिन्याच्या पुढे डांबता येणार नाही. महिन्यानंतरही पैसे दिले नाहीत तर बाईनं पुन्हा अर्ज करावा. दोन्ही निकाल कलमाच्या शब्दांना धरून आहेत. आणि दोन्हींतून पुढच्या हालचालीची जबाबदारी पुन्हा तिच्याकडेच येते.

दुसरी बाजूही कायद्यात आहे. तुरुंग 'पुरेशा कारणाशिवाय' न देणाऱ्याला आहे. खरोखर नोकरी गेलेल्या, आजारी पडलेल्या माणसाला रक्कम कमी करून मागता येते. दिवाणी कैदेबाबत तर १९८० च्या जॉली जॉर्ज वर्गीस निकालानं बजावलं आहे की निव्वळ गरिबीसाठी कुणाला आत टाकता येणार नाही. आणि आदेश न पाळणं ही काही फक्त पुरुषांची मिरासदारी नाही. मुलाला दर शनिवारी भेटण्याचा आदेश हातात घेऊन बंद दारासमोर उभे राहणारे बाप आहेत, आणि आयाही. भेटीच्या आदेशाची दरखास्त तर पोटगीहून हतबल असते, कारण पोर म्हणजे काही जंगम मालमत्ता नव्हे. बेलीफ ते उचलून आणू शकत नाही, आणू नयेही.

नागपूरचा एक अर्ज

सप्टेंबर २०१३ मध्ये नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात एका बाईनं स्वतःसाठी आणि मुलासाठी कलम १२५ खाली अर्ज केला. हे प्रकरण आज 'रजनीश विरुद्ध नेहा' या नावानं कायद्याचा प्रत्येक विद्यार्थी वाचतो. तोवर अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, अशी तरतूद कायद्यात येऊन बारा वर्षं झाली होती. अंतरिम आदेश ऑगस्ट २०१५ मध्ये झाला: पत्नीला दरमहा १५,००० रुपये, मुलाला आधी ५,००० आणि पुढे १०,०००. नवरा हायकोर्टात गेला. २०१८ मध्ये हायकोर्टानं त्याची याचिका फेटाळली. तो सर्वोच्च न्यायालयात गेला.

४ नोव्हेंबर २०२० रोजी न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा आणि सुभाष रेड्डी यांच्या खंडपीठानं निकाल दिला. दोन्ही पक्षांनी उत्पन्न, मालमत्ता, कर्ज, खर्च यांचं सविस्तर प्रतिज्ञापत्र सुरुवातीलाच द्यायचं. पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. आणि अंमलबजावणी दिवाणी हुकूमनाम्यासारखी, म्हणजे जप्ती आणि कैद वगैरे सर्व मार्गांनी करता येईल.

निकाल महत्त्वाचा आहे, विशेषतः ते प्रतिज्ञापत्र. पगार लपवण्याचा खेळ अंमलबजावणीच्या टप्प्यावर खेळला जातो, पण त्याचे पत्ते आधीच मांडून घेतले तर पुढे दरखास्तीत शोधाशोध कमी होते. तरीही ही तारखांची रांग बघा. सात वर्षं चाललेलं हे भांडण अंतिम पोटगीचं नव्हतं. अंतरिम पोटगीचं होतं, म्हणजे खटला चालेपर्यंत जेवणखाण चालावं म्हणून द्यायच्या रकमेचं. अर्ज झाला तेव्हा ते मूल तान्हं होतं, निकालाच्या वेळी शाळेत जाण्याच्या वयाचं.

लोकांनी या अनुभवातून आपापला शहाणपणा काढला आहे. संमतीच्या घटस्फोटात वकील सांगतात की दरमहा पोटगीच्या फंदात पडू नका, एकरकमी घ्या. आणि शेवटचा डिमांड ड्राफ्ट हातात पडल्याशिवाय शेवटच्या तारखेला 'हो' म्हणू नका. ज्यांना परवडतं ते असं करतात. थोडी कमी रक्कम चालेल, पण नंतर कोर्टाची पायरी नको. हुकूमनामा वठेल यावर विश्वास नाही, याची ही एका अर्थी बाजारभावानं केलेली किंमत आहे. ज्या नवऱ्याकडे एकरकमी द्यायला काही नसतं, त्याच्या बायकोला हा मार्गही नसतो. तिला मासिक आदेशच मिळतो, आणि दरखास्तही तिलाच करावी लागते.

वसुली कुणाचं काम

मग उपाय नाहीतच का? आहेत, आणि बरेचसे कायद्यात आधीपासून लिहिलेले आहेत. दंडासारखी वसुली म्हणजे फक्त घरातला टीव्ही जप्त करणं नव्हे. दंडवसुलीच्या तरतुदीनुसार जिल्हाधिकाऱ्याला वॉरंट पाठवून रक्कम जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसूल करता येते. शेतसारा थकला तर सरकार आपल्या पायांनी दारात येतं. तीच यंत्रणा पोटगीसाठी हलवता येते, पण त्यासाठी कुणीतरी ती मागावी लागते आणि कुणीतरी पाठपुरावा करावा लागतो.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्यानं एक पाऊल पुढे टाकलं. त्यात मॅजिस्ट्रेट थेट नोकरी देणाऱ्यालाच सांगू शकतो की पगाराचा अमुक भाग त्या बाईला द्या किंवा कोर्टात जमा करा. नवऱ्याच्या मर्जीचा दरमहाचा प्रश्नच मिटतो. आपल्या पगारातून प्राप्तिकर कापला जातो, भविष्य निर्वाह निधी कापला जातो. त्यासाठी सरकारला दर महिन्याला आपल्या नावानं दरखास्त करावी लागत नाही. ज्या देण्याला आपण खरोखर देणं मानतो, त्याची वसुली आपण देणाऱ्याच्या इच्छेवर ठेवत नाही.

हात पोचत नाहीत अशी एक जागा मात्र खरी आहे, ती म्हणजे देशाची सीमा. पोटगीचे आदेश परस्परांत मान्य करण्यासाठी ब्रिटिश साम्राज्याच्या काळात, १९२१ मध्ये, एक कायदा झाला. तेव्हाचा नवरा गेलाच तर साम्राज्यातच कुठेतरी जाईल, असं त्यात गृहीत आहे. आज पुण्या-मुंबईची निम्मी बॅच अमेरिकेत जाते. परदेशी हुकूमनाम्यांच्या थेट अंमलबजावणीसाठी भारतानं ज्या देशांशी परस्पर व्यवस्था जाहीर केली आहे, त्यांत ब्रिटन आहे, अमेरिका नाही. पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयाचा आदेश घेऊन न्यू जर्सीत उभं राहायचं तर तिथल्या वकिलाची फी हाच पहिला प्रश्न असतो, आणि ती डॉलरमध्ये असते.

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहिता जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. वसाहतकालीन कायद्यांपासून मुक्ती, असा तिचा गाजावाजा झाला. पोटगीचं कलम आता १४४ आहे. १८६१ पासून हे कलम किती बदललं! घटस्फोटिता आत आली, म्हातारे आईवडील आत आले, रकमेची मर्यादा गेली, अंतरिम पोटगी आली. वसुलीच्या पोटकलमाशी आलात की पावलं अडखळतात. वर्षाच्या आत अर्ज, वॉरंट, आणि थकलेल्या प्रत्येक महिन्यामागे एक महिन्यापर्यंत कैद. तेवढी ओळ अजून तशीच आहे.